सेतुमामांची उलटतपासणी

खारीचं पिल्लू घेऊन आलेल्या माणसाला सेतुमामा कधी घरात घेत नसत. त्याला आधी ओट्याखालच्या पायरीवर उभं करत. पिल्लू त्याच्या हातातून काढून घेत, उपरण्यात गुंडाळून बनियनच्या आत पोटाशी धरत, आणि मग त्या माणसाकडे असं बघत की जणू तो खुनाच्या आरोपाखाली हजर झालाय.

"कोठें सांपडलं?"

"गच्चीवर, मामा. पाण्याच्या टाकीमागे."

"केव्हां?"

"काल संध्याकाळी."

"काल! आणि आणलंस आज! मध्यें काय केलंस? दूध पाजलंस?"

"थोडंसं..."

"कोणाचं?"

"गाईचं. आमच्या घरचीच गाय, मामा, अगदी..."

"गाईचं कौतुक नको. कशानें पाजलंस?"

"चमच्यानं."

"बसवून की निजवून?"

या प्रश्नाशी माणूस हमखास गडबडे. तान्हं मूल मांडीवर उताणं घेऊन पाजतात तसंच त्यानं पिल्लालाही पाजलेलं असे, आणि त्यात काही चुकलं असेल असं त्याच्या स्वप्नातही आलेलं नसे.

"निजवून! उताणं! यार सोन्ना? कोणी सांगितलं तुला?"

'यार सोन्ना' म्हणजे तमिळमध्ये 'कोणी सांगितलं'. मामा हा प्रश्न नेहमी दोन्ही भाषांत विचारत. ऐकणाऱ्याला कुठल्याच भाषेत सुटका नसे.

सेतुमाधवराव तंजावरच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. सगळी नोकरी त्यांनी न्यायाधीशांच्या पायाशी बसून काढली. वकील साक्षीदारांना काय विचारतात आणि काय विचारायचं विसरतात, हे मुकाट्यानं ऐकायचं. स्वतः तोंडातून शब्द काढायचा नाही. "एक प्रश्न! एक प्रश्न त्या गाढवानें विचारला असता तर साक्षीदार तेथेंच रडला असता," असं ते निवृत्त झाल्यावरही जेवताना मध्येच म्हणत. आयुष्यभर साठलेल्या त्या प्रश्नांना वाट हवी होती. ती खारींनी करून दिली.

मी मूळची मिरजेची. लग्न करून तंजावरला आले. माझ्या सासरचे लोक मराठ्यांच्या राज्यात इथे आले आणि इथलेच होऊन गेले. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, घर मराठी आहे, भाषेची तरी अडचण नाही. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अडुप्पावरचं पात्र उतर गे." मी सगळं स्वयंपाकघर शोधून अडुप्पु नावाची वस्तू कुठे दिसते ते बघत राहिले. अडुप्पु म्हणजे चूल.

शेजारच्या घरातले सेतुमामा नवी सून बघायला आले. माझी दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "तुझं मराठी रेडिओच्या बातम्यांचं. आमचं राजाच्या वेळचं." मी म्हटलं, "राजाच्या वेळी अडुप्पु म्हणत होते का, मामा?" मामांनी डोळे वटारले. त्या दिवसापासून त्यांनी मला आपलं मानलं. म्हणजे रोज रागवायला सुरुवात केली.

ती वर्षं सगळीकडे काहीतरी पाडून काहीतरी बांधायची होती. कौलारू घरं जात होती, त्यांच्या जागी खाली शटरची दुकानं आणि वर राहायच्या खोल्या येत होत्या. दर कोपऱ्यावर एस.टी.डी.चं बूथ. केबलवाल्याची पोरं नारळाच्या झाडांवरून वायरी ओढत फिरायची. आणि कौलांखाली, मीटरच्या पेटीमागे, नारळाच्या शेंड्यात खारींनी काथ्या-कापूस गोळा करून केलेली घरटी धडाधड खाली यायची. आई पळून जायची. डोळे न उघडलेली, अंगठ्याएवढी पिल्लं विटांच्या ढिगात चिंचिं करत पडायची.

कुठे कुदळ वाजली की मामा तिथे जाऊन उभे राहत.

"पाडण्यापूर्वी आंत कोण राहतं ते बघितलंस?"

"सगळे भाडेकरू गेले, सार," कंत्राटदार म्हणे.

"भाडं देणारे गेले रे! न देणारे?"

लोक त्यांची थट्टा करत. नाव सेतुमाधव, आणि नाद खारींचा. मग रामानं सेतू बांधताना खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली ती गोष्ट कोणीतरी काढेच. मामा आणखी भडकत. "तो बोटें पाठीवरून फिरवीत होता. तुम्ही तींच बोटें तिच्या तोंडांत घालतां!"

त्यांचं म्हणणं साधं होतं. पिल्लू सापडलं की माणसाला पहिली गोष्ट सुचते ती दूध पाजायची, आणि पिल्लू मरतं ते त्या पहिल्या गोष्टीनंच. गारठलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. आधी ऊब द्यायची. औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोमट पाणी भरायचं, फडक्यात गुंडाळायची, शेजारी ठेवायची. अंग कोमट झालं की मीठ-साखरेचं पाणी, थेंब थेंब. त्यानंतर शेळीचं दूध, तेही पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजनं. पिल्लू पोटावर, मान पुढे, त्यानं गिळल्यावरच पुढचा थेंब. नाकातून दुधाचा बुडबुडा आला की थांबायचं, डोकं खाली करून पुसायचं. आणि पाजून झाल्यावर ओल्या कापसानं शेपटीखाली हलकं पुसायचं, कारण इतकी लहान पिल्लं आईनं चाटल्याशिवाय मूतत नाहीत, पोट फुगून मरतात. हे सगळं मामा सांगत नसत, ओरडत. रस्त्यावर. बायका खाली मान घालून निघून जायच्या.

एकदा एक मोठा कापडवाला नवीन मोटारीतून पिल्लू घेऊन आला. परदेशी बिस्किट डब्यातल्या गोड दुधात कालवून त्यानं शाईच्या ड्रॉपरनं पाजलेलं. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं ताठ.

"हें काय भरलंस ह्यांत?"

"सार, चांगलं महागातलं बिस्किट. माझा नातू खातो."

"नातवाचं पोट असं झालं तर काय करशील?"

"डॉक्टरकडे नेईन."

"तर मग नातवाला येथें आणून उभा कर आणि ह्याला डॉक्टरकडे ने!"

कापडवाला घाम पुसत मोटारीत जाऊन बसला. मामांनी दोन दिवस फक्त पाणी दिलं, कोमट कापसानं पोट चोळत बसले, आणि पिल्लू वाचलं. कापडवाल्यानं जरीकाठी धोतरजोडी पाठवली. मामांनी ती ओट्यावरून खाली फेकली. कमळामामी आतून आल्या, पायऱ्या उतरल्या, धोतरजोडी उचलून झटकली आणि म्हणाल्या, "राग माणसावर असेल. कापडानें काय केलंय?" आणि आत गेल्या. मामा गप्प.

साऱ्या गल्लीत मामांना गप्प करणारं माणूस एवढं एकच. कमळामामी बुटक्या, अंगानं भरलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. मामांचा राग फटाक्याच्या माळेसारखा, मामींचा निखाऱ्यासारखा. त्यांना खारी अजिबात आवडत नसत. खारींनी त्यांचे वाळत घातलेले पापड खाल्ले होते, उशा उसवल्या होत्या, लग्नातल्या रेशमी साडीच्या पदरातून धागे ओढून घरटं केलं होतं. "ह्या घरांत खारींना बाळंतपण मिळतं, मला काप्पीचा पेलासुद्धां कोणी हातांत देत नाहीं," असं त्या ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. मामा तिकडून म्हणत, "तुला कोणी घरट्यांतून पाडलं?" मामी म्हणत, "पाडलं की! माझ्या बापानें!" हे रोज चाले. आमच्या सामाईक भिंतीवरून ते भांडण ऐकत मी भाजी चिरत असे. सासूबाई म्हणत, "भांडणाचा आवाज आला नाहीं तर समज, त्या घरांत कोणी आजारी आहे."

सगळ्यात मोठं भांडण अंड्यांवरून झालं.

मी शिकवायची त्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी एक खार वाढवली होती. आतल्या खोलीत, पिंजऱ्यात, केळं आणि शेंगदाण्यांवर. ती मोठी झाली, गुबगुबीत झाली, आणि एक दिवस मागचे पाय ओढत चालू लागली. बाई रडत मामांकडे आल्या. मामांनी तिला तळहातावर घेऊन पायांवरून बोट फिरवलं.

"हाडें मऊ झालीं आहेत. पोटांत चुना नाहीं, पाठीवर ऊन नाहीं. कोणी सांगितलं केळ्यावर ठेवायला?"

"आवडायचं तिला. लाडानं दिलं, सार."

"लाड! सगळे लाडानेंच मारतात!"

बाई त्या खारीला मामांकडेच ठेवून गेल्या. आता तिला कॅल्शियम हवं. लहान मुलांचं बाटलीतलं औषध ती तोंडाला लावेना. कोणीतरी सुचवलं, अंड्याचं कवच वाळवून, कुटून, त्याची पूड अन्नात मिसळा. सेतुमाधवराव वैष्णव घरातले. एकादशीला पाणीसुद्धा जपून पिणारे. तर हे गृहस्थ भर दुपारी छत्री चेहऱ्यापुढे आडवी धरून कोपऱ्यावरच्या परोट्याच्या दुकानात गेले आणि टाकलेली कवचं वर्तमानपत्रात बांधून घेऊन आले. दुकानदारानं संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला सांगितलं. मामींना मात्र कळलं ते वेलदोडे कुटायला खलबत्ता हातात घेतला तेव्हा.

"हें पांढरं काय आहे?"

"औषध."

"कशाचं?"

मामा कोर्टात वाढलेले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "कवच."

"कशाचं कवच?"

त्या दिवशी उलटतपासणी कशी घेतात ते मला कळलं. मामींनी एकेका प्रश्नाला मामांना एकेक पाऊल मागे सरकवत थेट विहिरीपर्यंत नेलं. खलबत्ता परसात भिरकावला. सबंध घर धुतलं. देव पुन्हा न्हाऊ घातले. मामांना अंघोळ करायला लावली, तीही मागच्या अंगणात, सगळ्यांसमोर. आणि दुसऱ्या दिवशी मी परसात डोकावले तर नारळाखाली एक दगड मांडलेला, शेजारी तोच खलबत्ता, आणि मामी नाकाला पदर लावून, मान वळवून, कवचं कुटत बसलेल्या.

"मामी, तुम्ही?"

"ह्यांना कुटतां येत नाहीं. खडे ठेवतात. त्या लंगडीच्या घशाला लागतील." आणि मग माझ्यावरच खेकसल्या, "बघतेस काय? तुझ्या सासूला सांगूं नको!"

ती खार पुढे चालायला लागली. झाडावर मात्र तिला कधी चढता आलं नाही. खिडकीतल्या उन्हात बसून राही.

मग आमच्या घराची वेळ आली. मागच्या पडवीची कौलं उतरवताना तीन पिल्लं निघाली. मी शाळेत होते. सासूबाईंनी ती उचलली, जुन्या मऊ लुगड्यात ठेवली, आणि घरातलं चांदीचं पालाडै काढलं. मिरजेत आम्ही ज्याला बोंडलं म्हणत असू ते. पुढे चोच असलेलं लहानसं भांडं, तान्ह्या बाळाच्या तोंडात दूध ओतायचं. माझा नवरा आणि त्याची भावंडं त्याच पालाडैवर वाढली होती. त्यांनी मायेनं तिन्ही पिल्लांना उताणं धरून गाईचं दूध पाजलं.

मी घरी येऊन पिल्लं बघितली आणि तशीच उचलून मामांकडे धावले. मामांनी एकेक कानाशी धरलं. "हें ठीक आहे," ते म्हणाले. मग दुसरं धरलं, तिसरं धरलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ऐक," म्हणून त्यांनी एक माझ्या कानाशी आणलं. त्या इवल्या छातीत प्रत्येक श्वासाला बारीक टिकटिक होत होती. "फुप्फुसांत दूध गेलंय."

आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बिचारे गाईबैलांचे. "सार, औषध वजनावर द्यायचं असतं. याचं वजन किती?" त्यांच्या काट्यावर पिल्लाचा पत्ताच लागेना. मामा तिथून थेट सोनाराकडे. सोनारानं पिल्लू तराजूत ठेवलं, बारीक वजनं टाकली आणि विचारलं, "किती कॅरेट, सार?" मामा त्याच्यावर एवढे ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक बांगड्या तशाच ठेवून निघून गेलं.

औषधाचा थेंब मिळाला. त्या दोघांतलं एक तरलं. दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं.

मामा ते मेलेलं पिल्लू उपरण्यात घेऊन आमच्या दारात आले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"अंबाक्का, हें बघा. निजवून पाजलंत. यार सोन्ना? तुम्ही मारलंत ह्याला!"

समोरच्या दारांत माणसं जमली. सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्या पदर डोळ्यांना लावून आत गेल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी बाहेर आले. "मामा, तुम्हांला खारीच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. आत म्हातारं माणूस रडतंय ते ऐकू येत नाही? त्यांना माहीत नव्हतं. माहीत नसणं म्हणजे मारणं नव्हे. जा तुम्ही. आमच्या ओट्यावर पुन्हा येऊ नका."

मामा गेले. माफी वगैरे काही नाही. उरलेली दोन पिल्लं त्यांच्याकडेच वाढली, डोळे उघडले, एक दिवस परसातल्या आंब्यावर चढून गेली. मी बघायला गेले नाही. भिंतीवरून मामी आल्या एकदा, वाटीत वत्तकुळंबू, म्हणजे चिंचेची दाट आमटी, घेऊन.

"मी ह्यांना पुष्कळ बोलले," त्या म्हणाल्या. "ऐकत नाहींत. पण तूं आपला राग ठेव गे, उषे. इतक्यांत सोडूं नको. मी एकटी किती रागवूं?"

मी राग ठेवला. चांगला जपून ठेवला. रस्त्यात मामा दिसले की पदर सावरून दुसऱ्या बाजूला जाई.

पोंगलनंतर थोड्याच दिवसांत कमळामामी इडलीचं पीठ वाटता वाटता कलंडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात नेलं. आता राग कुठे धरणार? मी काप्पीचा थर्मास घेऊन रोज जाऊ लागले. मामांशी बोलत मात्र नव्हते. थर्मास ठेवायचा, मामींचे पाय दाबायचे, यायचं.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा मामा औषध आणायला खाली गेले होते. ओरत्तनाडूहून त्यांची थोरली बहीण आली होती. तिनं मामींचं डोकं उशीवर मागे टाकून वाटीनं कांजी ओतायला घेतली होती. "खा गे कमळे, अंगांत शक्ति कशी येईल?" मामी गुरगुरल्या, ठसकल्या, चेहरा लाल झाला. मी वाटी धरायला पुढे झाले तोच मामा दारात.

"अक्का! निजवून पाजतेस?"

"तर काय उभी करून पाजूं? तिला बसवत नाहीं."

मामांनी औषधाची पुडी टाकली, मामींना खांद्याला धरून उठवलं, पुढे वाकवलं, आपल्या उपरण्यानं तोंड पुसलं. मग कान त्यांच्या पाठीला लावला. नर्स धावत आली. "सार, सगळ्याच पेशंटना असंच भरवतात. तुम्ही बाहेर व्हा."

"बाहेर होणार नाहीं! काल ताप कशानें आला? हिला गिळतां येत नाहीं, तें घशांतून छातींत जातं आहे! डॉक्टरला बोलाव!"

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता आणि चिडला. म्हणाला, आवाज कमी करा, नाहीतर वॉर्डबाहेर काढायला लावीन. बहीण रडू लागली, "माझा भाऊ बायकोला खार समजतो." आजूबाजूचे लोक हसले. ते हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मामांशी मी बोलत नव्हते, हे खरं. पण त्यांना हसायचा हक्क या लोकांना कोणी दिला? मी तमिळ, मराठी, इंग्रजी, जे तोंडात येईल त्यात डॉक्टरवर ओरडले. "तुम्ही एकदा छाती ऐका! ऐकायला काय जातं तुमचं? ऐका आणि मग आम्हांला बाहेर काढा!"

बहुधा माझ्या तमिळला घाबरून त्यानं नळी कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया होता. तोंडानं भरवणं तेव्हाच बंद केलं, नाकातून नळी घातली, इंजेक्शनं सुरू केली.

"तुम्हांला हे कोणी सांगितलं?" त्यानं मामांना विचारलं.

मामा मामींच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. हळूच म्हणाले, "अणिल." म्हणजे खारींनी.

मामी वाचल्या. घरी आल्या. नळी निघाल्यावर मामा त्यांना तक्क्यांना टेकवून बसवत, दाटसर नाचणीची कांजी चमच्याच्या टोकावर घेत, दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवत, गिळल्याचं बोटांना कळलं की पुढचा चमचा. एक वाटी संपायला दुपार होई. एकदाही आवाज चढला नाही. लोक अजून पिल्लं आणत. मामा घेत, पण कोणाला काही विचारत नसत. "ठेव," एवढंच म्हणत. माणसं चाट पडून परत जात. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईनासं झालं. सासूबाई तांदूळ निवडताना मध्येच हात थांबवून कान देत, आणि पुन्हा निवडू लागत.

मी अजून त्यांच्याशी थेट बोलत नव्हते. मामींपाशी बसून येत होते, एवढंच. मग एका दुपारी मामा आमच्या मागच्या दाराशी आले. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या.

"उषे, मोकळी आहेस?"

मी भांडी घासत राहिले.

"माझ्याशीं जरा भांडायला ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तेथें, तिच्या खाटेपाशीं," ते म्हणाले. "सगळा वेळ भिंतीकडे बघते. मी बोलतों, वाचून दाखवतों, देवाचं म्हणतों, वळत नाहीं. काल केबलवाल्यावर ओरडलों, तेव्हां मान वळवली. डोळे... पहिल्यासारखे झाले. मग मी मुद्दाम ओरडलों, तर कळलं तिला. तिला खोटं चालत नाहीं. इतकीं वर्षें रोज भांडलों. आतां घरांत एकच आवाज आहे. तिला वाटत असेल, मी जिंकलों."

मी पदराला हात पुसले आणि त्यांच्यामागून गेले.

मामी तक्क्यांना टेकून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. कांजीची वाटी अर्धी. मामा खाटेच्या कडेला बसले, मी समोर उभी राहिले. मग जपून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुम्ही माझ्या सासूबाईंना सगळ्या गल्लीसमोर खुनी म्हणालात. त्यांनी चार मुलं त्या पालाडैवर वाढवली. त्यांना काय ठाऊक? त्या दिवसापासून त्यांनी ते पालाडै अडगळीत टाकलंय, माहीत आहे? उद्या मला मूल झालं तर त्याला त्या हात लावायला घाबरतील, हे माहीत आहे? तुम्हांला सगळ्यांना प्रश्न विचारायला आवडतात. एकदा स्वतःला विचारलंत?"

"पिल्लू मेलं होतं," मामा म्हणाले. आवाज चढला. खरा चढला. "माझ्या हातांत मेलं! मी काय नाचायचं होतं?"

"रडायचं होतं! तुम्हांला रडता येत नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याला रडवता!"

मामींनी मान वळवली होती. त्यांचे डोळे माझ्यावर होते, मग मामांवर गेले, पुन्हा माझ्यावर आले. चांगले धारदार. मामांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होते, आणि मामींचा डावा हात गादीवरून उचलला गेला, कापत कापत वर आला, आणि मामांच्या मनगटावर पडला. फटका म्हणावा इतका जोर त्यात नव्हता. पण फटकाच होता.

मामा हाताकडे बघत राहिले.

"मारलं," ते म्हणाले. "बघितलंस उषे? हिनें मला मारलं."

मामींचं झालं नव्हतं. त्याच हाताचं एक बोट मोठ्या कष्टानं वर झालं आणि आमच्या घराच्या बाजूला, सामाईक भिंतीकडे वळलं. घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण हुकूम होता.

"जातों," मामा म्हणाले. "जातों गे. आतां कशाला, त्या निजल्या असतील." बोट खाली येईना. "सेरी, सेरी. बरं, जातों."

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि गेले. मी त्यांच्या जागी बसले. भिंतीपलीकडे आमच्या मागच्या दाराची कडी वाजली, सासूबाईंचा झोपेतला आवाज आला, "कोण?"

"मी सेतू!" मामा ओरडले. आमचं घर, त्यांचं घर आणि समोरचं एस.टी.डी. बूथ, सगळीकडे ऐकू जाईल असे ओरडले. "अंबाक्का! माझं चुकलं! मी बोलूं नये तें बोललों! ऐकूं आलं कां?"

सासूबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मामींना ऐकू आलं असावं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली, वर गेली, तिथेच राहिली. मी चमच्याच्या टोकावर कांजी घेतली, दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. त्यांनी तोंड उघडलं.